सहीचा रीटेक

मनुष्याने स्वतःचे तोंड उघडे असताना कोणाचाही प्रस्ताव ऐकून घेऊ नये, हा नियम मी अलीकडे भेटेल त्याला सांगत असतो. माहितीपट करण्याची जबाबदारी माझ्या शिरावर आली ती दंतवैद्यांच्या खुर्चीत. आमचे दंतवैद्य वस्तीतील चित्रपट मंडळाचे चिटणीस आहेत आणि मंडळाचे बहुतेक ठराव ते सभासदांच्या जबड्यात आरसा धरूनच संमत करून घेतात, असा प्रवाद आहे. माझी दाढ कोरता कोरता ते म्हणाले, की यंदाच्या संमेलनात वाचनालयाच्या सभागृहात सभासदांनीच केलेले माहितीपट दाखवायचे ठरले आहे. विषय, सार्वजनिक संस्था आणि त्यांचा कारभार. आणि माझ्यासारख्या व्यासंगी गृहस्थाने मागे राहणे बरे दिसणार नाही. मी सर्व शक्ती एकवटून "आ" म्हणालो. त्यांनी माझे नाव टिपून घेतले.

खरे सांगायचे तर, दाढ बधिर होती तोवरच मला या गोष्टीचा राग होता. नमुन्यादाखल त्यांनी दिलेले काही माहितीपट मी घरी लावून पाहिले आणि माझे चित्त थाऱ्यावर राहिले नाही. कॅमेरा एखाद्या कचेरीच्या कोपऱ्यात उभा आहे. तो काही विचारत नाही, काही सुचवत नाही. माणसे येतात, खिडकीपाशी वाकतात, "उद्या या" ऐकून सरळ होतात आणि निघून जातात. पंखा फिरतो. शिक्का पडतो. सर्व पाहणारा आणि कशातही लिप्त न होणारा जो साक्षी, तो मी जन्मभर तत्त्वज्ञानाच्या वर्गात फळ्यावर शिकवला होता. तो आज तीन पायांच्या स्टँडवर उभा असलेला मला प्रत्यक्ष दिसला. मी घरात येरझाऱ्या घालू लागलो. आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, की भूल दाढेतून डोक्यात चढली आहे काय.

एकच उणीव मला खटकली. या चित्रपटांना निवेदन नव्हते. एवढ्या गहन विषयावर कोणीही एक अवाक्षर काढत नाही, हे मला प्रेक्षकांवर अन्याय करणारे वाटले. मी दंतवैद्यांना सांगितले, की माझ्या माहितीपटास मी स्वतः भारदस्त निवेदन रचीन. ते म्हणाले, "निवेदन नको. चित्रच बोलतं." ज्यांचा सारा दिवस बोलू न शकणाऱ्या माणसांत जातो त्यांचे असे मत होणे स्वाभाविक आहे, असे समजून मी ते सोडून दिले.

विषयासाठी दूर जावे लागले नाही. आमची अक्का, म्हणजे माझी वडील बहीण, समोरच्या इमारतीत तळमजल्यावर राहते. तिच्या खिडकीतून रस्त्याचा कोपरा दिसतो आणि त्या कोपऱ्यावर पूर्वी नगरपालिकेचे एक बाक होते. अक्का सकाळी घरून निघे, त्या बाकावर दम घेई, आणि मग वाचनालय गाठी. तिथे खिडकीजवळच्या टेबलाशी तिची मैत्रीण, एके काळची परिचारिका, शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून तिची जागा राखून ठेवत असे. पुढे पदपथाची दुरुस्ती निघाली. बाक उचलले गेले, पदपथ झाला, बाक आले नाही. फरशीतून वर आलेले चार गंजलेले बोल्ट तेवढे मागे राहिले. अक्काने रीतसर तक्रार दिली, ती विभागीय कार्यालयात पोचली, आणि तिथे तिला जी निद्रा लागली ती योग्यांनाच साधावी.

अक्काचे वाचनालय सुटले. मी तिला तिथली आदल्या दिवशीची वर्तमानपत्रे आणून देई. ती चष्मा पुसत म्हणे, "बातम्या शिळ्या चालतात रे बाळ. माणसं शिळी चालत नाहीत." या वयात मला बाळ म्हणणारी तीच एक उरली आहे, म्हणून चारचौघांतही मी ते चालवून घेतो.

तक्रारीला जाग येईल, तिच्यामागून कॅमेरा चालेल, बाक मिळेल आणि कलाही साधेल, अशी ही योजना होती. मी ती अक्काला सविस्तर समजावून सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुझा सिनेमा होवो, न होवो. बाक तेवढं आण."

बातमी इमारतीत पसरली आणि सल्ल्यांचा पूर लोटला. शिंप्यांच्या मते कार्यालयातल्या साहेबांनी फिकट सदरा घालणे आवश्यक होते. वरच्या मजल्यावरील वकीलसाहेबांच्या मते चित्रपटाचा आरंभ सूर्योदयाने व्हायला हवा होता. कार्यालय सूर्योदयानंतर बऱ्याच वेळाने उघडते, ही माझी अडचण त्यांनी तांत्रिक म्हणून फेटाळली. निवृत्त स्टेशनमास्तर मात्र सल्ला देऊन थांबले नाहीत. ते थेट ध्वनिमुद्रक झाले. दंतवैद्यांकडून कॅमेऱ्यासोबत मायक्रोफोन आला होता. तो मास्तरांनी कोळिष्टके काढण्याच्या लांब काठीला सुतळीने बांधला. आरंभ कधी करायचा हे दाखवण्यासाठी त्यांनी घरातली हिरवी झेंडीही आणली. कॅमेरा माझा असला तरी झेंडी मिळाल्याशिवाय तो सुरू करायचा नाही, असा त्यांचा आग्रह होता.

कार्यालयाच्या दाराशी पहारेकऱ्याने आम्हांस अडवले. परवानगीवाचून कॅमेरा आत नेता येणार नव्हता आणि परवानगी आतच मिळत होती. कॅमेरा बाहेर ठेवून मी आत जावे, तर तो बेवारस वस्तू म्हणून जप्त होणार होता. अखेर पहारेकऱ्यानेच तोड काढली. मास्तरांनी काठी घेऊन बाहेर उभे राहावे, कॅमेरा त्यांच्या गळ्यात असावा, म्हणजे तो वस्तू राहत नाही, माणसाचा भाग होतो. असा सूक्ष्म विचार मी शास्त्रग्रंथांच्या बाहेर क्वचितच ऐकला आहे.

माहितीपट हा शब्द ऐकताच विभागाचे साहेब खुर्चीत ताठ झाले. कंगवा मागवण्यात आला. परवानगी तिथल्या तिथे मिळाली, आणि माझ्या संकटांना खरा आरंभ झाला तो तिथून.

मी विलंबाचे चित्रण करण्यास आलो होतो. परंतु कॅमेरा कोपऱ्यात उभा राहिला मात्र, सारे कार्यालय एखाद्या आदर्श आश्रमासारखे वागू लागले. "उद्या या" हे वाक्य ऐकायला मिळेना. एका लिपिकाने तर नागरिकास खुर्ची पुढे केली. तो बिचारा एवढा घाबरला की काम न सांगताच निघून गेला. जे दाखले महिनोन्महिने मिळत नव्हते ते लोकांना उभ्या उभ्या मिळू लागले. ही वार्ता वस्तीत जाताच वकीलसाहेब माझ्याकडे आले आणि नळजोडणीच्या खिडकीपाशी त्यांच्या मागे थोडा वेळ कॅमेरा घेऊन उभे राहाल का, असे विचारू लागले. "चालू नाही केलात तरी चालेल," हेही वर. साक्षी म्हणून गेलो आणि अंगारा होऊन बसलो.

अक्काच्या तक्रारीची फाइल पहिल्याच सकाळी सापडली. दुपारपर्यंत आदेश टंकून तयार झाला: एक बाक बसवावे; जागा, तक्रारदार दाखवतील ती. आता केवळ साहेबांची सही व्हायची होती, आणि हाच माझ्या चित्रपटाचा उत्कर्षबिंदू ठरणार होता. सबंध चित्रपटात घडले असे म्हणण्यासारखे एवढेच काय ते घडणार होते.

मास्तरांनी झेंडी दाखवली. साहेबांनी लेखणी उचलली. त्याच क्षणी काठी वरून हळूहळू खाली उतरली आणि तिच्या टोकाला राहिलेले जुने कोळिष्टक साहेबांच्या कपाळावर अलगद विसावले. सही झाली, परंतु ती करताना साहेबांच्या मुद्रेवर जे भाव होते ते लोकसेवेचे नव्हते.

मी दिलगिरी व्यक्त केली आणि नुसता अभिनय पुन्हा करण्याची विनंती केली. कोरा कागद पुढे ठेवला. साहेबांनी तो दोन बोटांनी दूर सारला.

"सर, कोऱ्या कागदावर मी सही करत नाही. आणि खोटी सही मला जमत नाही. आदेशाची दुसरी प्रत आणा."

या सत्यनिष्ठेने माझे मन भरून आले. दुसरी प्रत आली. यावेळी साहेबांनी आधी खिडकीबाहेर पाहिले, नागरिकांच्या सुखदुःखाचा विचार केला, आणि मग सही केली. ती उत्तम झाली होती. इथे मी थांबायला हवे होते. परंतु कलेचा लोभ मोठा वाईट. केवळ हात, केवळ लेखणीचे टोक आणि ओली शाई असे एक जवळचे दृश्य मिळाले तर काय बहार होईल, असे मला वाटले, आणि मी म्हणालो, "साहेब, एकदाच अजून." तिसरी प्रत आली. तिसरी सही झाली.

नंतर तिन्ही प्रती आवक-जावकच्या टेबलावर गेल्या. तिथल्या बाई पंचवीस वर्षे त्या टेबलाशी आहेत असे म्हणतात आणि त्यांच्या हातून आजवर एकही कागद वाया गेलेला नाही. जादा दोन कागद फाडून टाका, असे शिपायाने सुचवले तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेबांची सही असलेला कागद मी फाडू? तू फाड, आणि घरी जा." त्यांनी तिन्ही आदेशांना क्रमांक दिले आणि तीन शिक्के एका लयीत मारले. मला ती लय इतकी आवडली की मी तिचेही चित्रण करून घेतले. आपल्याच विनाशाचे इतके सुबक चित्रण करणारा दिग्दर्शक विरळा.

त्यानंतरचे दिवस उत्साहाचे गेले. मी निवेदन रचत होतो. अक्का खिडकीत बसून कोपऱ्याकडे पाहत होती. तिने काठीला नवे रबर बसवून घेतले. मैत्रिणीला निरोप धाडला, की रुमाल धुऊन ठेव. एके दिवशी तर साडी बदलून ती सकाळपासून तयार बसली, कारण कोपऱ्यावर नगरपालिकेची गाडी येऊन उभी राहिली होती. गाडी कचऱ्याची निघाली.

बाक येईना म्हणून मी नगरपालिकेच्या भांडारात गेलो. पदपथांच्या दुरुस्तीत उचललेली कितीतरी बाके तिथे एकावर एक रचून ठेवली होती. सर्वांना नवा हिरवा रंग दिलेला होता आणि भांडारपाल त्यांच्यामध्ये एखाद्या कुटुंबवत्सल गृहस्थासारखे बसले होते. त्यांनी माझ्यापुढे तिन्ही आदेश मांडले.

"तक्रार एक. आदेश तीन. यातला खरा कुठला?"

मी प्रामाणिकपणे म्हणालो, की तिन्ही खरे आहेत. सह्या माझ्या डोळ्यांदेखत झाल्या आहेत.

"मग एकच बाक कसं देऊ? दोन आदेश डावलल्यासारखं होईल. आणि एका तक्रारीवर तीन बाकं दिली तर तपासणीत माझी चामडी सोलतील."

मी साहेबांकडे धावलो. दोन आदेश रद्द करणे शक्य होते, परंतु रद्द करायचे तर कारण लिहावे लागणार होते. साहेबांनी बराच वेळ खिडकीबाहेर पाहिले. या वेळचे पाहणे चित्रीकरणासाठी नव्हते. मग ते म्हणाले, "सर, 'रीटेक' असा शेरा आमच्याकडे नाही."

घरी परतलो. मास्तर म्हणाले, की गुरुजी, एका रुळावर तीन गाड्या सोडल्यात. सौभाग्यवती म्हणाल्या, की आधी निदान बाक यायची आशा तरी होती. हे सारे मी सोसले. शब्दांचे घाव सोसण्याची शिक्षकाला सवय असते. परंतु मग अक्काला जाऊन सांगितले. पायाशी ठेवलेली काठी तिने उचलली, नवे रबर अंगठ्याने दाबून पाहिले, आणि काठी दारामागे उभी करून ठेवली. मी निवेदनाचे कागद खिशात घेऊन गेलो होतो. ते तसेच खिशात राहिले.

संमेलन दोन दिवसांवर आले होते. सकाळी अक्काचा निरोप आला, की घडीचे स्टूल घेऊन ये. मी गेलो. गळ्यात कॅमेरा होता, कारण तो आता माझ्या अंगाचा भाग झाला होता. अक्का दारात उभी होती आणि काठी तिच्या हातात होती.

"चल," ती म्हणाली. "तुझ्या साहेबांना भेटू."

कार्यालय वाचनालयाच्या समोरच आहे. अक्काने रिक्षा नाकारली. कोपऱ्यावर पोचेपर्यंत तिला धाप लागली. मी त्या चार बोल्टांच्या मधोमध स्टूल मांडले, ती बसली. उठून आम्ही निघालो. औषधांच्या दुकानापाशी तिने नुसता हात वर केला. मी स्टूल मांडले. दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, "आजी, किती दिवसांनी." त्याला उत्तर देण्याइतका श्वास तिच्याजवळ नव्हता, तिने मान डोलावली. पुढे चढ लागतो. तो संपला तिथे, वाचनालयाच्या फाटकाबाहेर, मी तिसऱ्यांदा स्टूल मांडले. मी चोरून तिच्याकडे पाहत होतो आणि ती रस्त्याकडे पाहत होती, जणू काही मोजमाप घेते आहे.

साहेबांच्या दालनात भांडारपालांना बोलावण्यात आले. अक्काला खुर्ची दिली. तिने श्वास जागेवर येऊ दिला आणि मग विचारले, "त्या कागदांत जागेचं काय लिहिलंय?"

साहेबांनी वाचले. "तक्रारदार दाखवतील ती."

"तक्रारदार मीच. मग लिहून घ्या. पहिलं कोपऱ्यावर. दुसरं औषधांच्या दुकानापाशी. तिसरं इथं, चढ संपतो तिथं."

भांडारपालांनी तिन्ही कागद उलटेसुलटे करून पाहिले. त्यांना आपली बाके सुटत चालल्याचे दुःख होत असावे.

"पण आजी," ते म्हणाले, "पूर्वी तर एकच होतं ना?"

"पूर्वी एकात भागायचं," अक्का म्हणाली. "तुमची फाइल थांबली होती हो. माझे गुडघे नव्हते थांबले."

साहेबांनी लेखणीला टोपण घातले. मग सावधपणे विचारले, "यात मला कुठे सही करावी लागेल?"

"काही गरज नाही," भांडारपाल म्हणाले. "सह्या झाल्याच आहेत. तीनही."

"मग बसवून टाका."

मी एका हातात स्टूल आणि दुसऱ्या हातात अक्काची पिशवी धरून उभा होतो. माझ्या आयुष्यात मी पाहिलेला सर्वोत्तम प्रवेश माझ्या डोळ्यांसमोर घडला होता; सूत्रधार असता तर त्याने तिथेच भरतवाक्य म्हटले असते. जिना उतरताना कॅमेरा छातीवर आपटला तेव्हा माझ्या लक्षात आले, की मी तो सुरूच केला नव्हता.

त्यामुळे चित्रपट अपुरा पडला. लांबी भरून काढण्यासाठी मी साहेबांच्या तिन्ही सह्या एकामागून एक तशाच ठेवल्या, कोळिष्टकासह. निवेदन मात्र तयार होते; परंतु ते ध्वनिमुद्रित करण्यास मास्तर काठी घेऊन बसले आणि इतक्या तन्मयतेने ऐकू लागले की मध्येच त्यांना गाढ झोप लागली. मुद्रण ऐकून पाहिले तेव्हा माझ्या वाक्यांहून त्यांचे घोरणे अधिक भारदस्त उतरले होते. निवेदन गळले.

संमेलनाच्या संध्याकाळी सभागृह भरले होते. पुढच्या रांगेत मी एक खुर्ची रुमाल टाकून राखून ठेवली. अक्काने निक्षून सांगितले होते, की न्यायला कोणी यायचे नाही. बाके सकाळीच बसली आहेत, मी माझी येईन. वेळ झाली. अक्का आली नाही. दंतवैद्यांनी घड्याळ दाखवले, मास्तरांनी झेंडी दाखवली, दिवे मालवले.

चित्रपट संपला तेव्हा टाळ्या पडल्या. दंतवैद्य माझे दोन्ही हात धरून म्हणाले, की तीच सही तीनदा दाखवून मी कारभाराच्या यांत्रिकतेवर जे भाष्य केले आहे ते थक्क करणारे आहे. आणि कोळिष्टकाचे प्रतीक तर केवळ अजोड. मी विनयाने मान लववली. जे आपण केलेले नाही त्याची स्तुती ऐकताना मान आपोआप लवते, हे मला त्या दिवशी कळले.

माझे लक्ष दाराकडे होते. लोक पांगले, शिपाई खुर्च्या उचलू लागला, तेव्हा काठीचा आवाज आला. अक्का आत आली. शेजारी तिची मैत्रीण होती, आणि दोघी हसत होत्या. कोपऱ्याच्या बाकावर तिला जुन्या शेजारीणबाई भेटल्या होत्या. औषधांच्या दुकानापाशीचे बाक आधीच भरले होते, पण तिथल्यांनी सरकून जागा दिली होती आणि मग तिला उठू दिले नव्हते. फाटकापाशी मैत्रीण वाट पाहत बसली होती. तिथे तर साऱ्या राहिलेल्या गोष्टी निघाल्या.

"संपलं?" अक्काने विचारले.

"संपलं," मी म्हणालो.

ती पुढच्या रांगेत आली, खुर्चीवरचा रुमाल उचलून तिने माझ्या हातात दिला आणि ऐसपैस बसली. मैत्रिणीलाही शेजारी बसवले.

"मग परत घे," ती म्हणाली. "तुला सवय आहे."

शिपायाने हातातली खुर्ची खाली ठेवली. मास्तरांनी खिशातून झेंडी काढली. दिवे पुन्हा मालवले आणि पडद्यावर पहिले दृश्य आले. रिकामा कोपरा, फरशीतून वर आलेले ते चार गंजलेले बोल्ट. याच दृश्यावर मी सर्वांत अधिक मेहनत घेतली होती आणि निवेदनाचा सर्वांत भारदस्त परिच्छेद याच जागी यायचा होता.

अक्का अंधारात माझ्याकडे वाकली.

"खोटं आहे हे, बाळ. तिथं बाक आहे. मी आत्ताच बसून आले."

निवेदन नसावे, हे दंतवैद्यांचे मत मला तिथे प्रथमच पटले.